विलीनीकरण, उपकंपनी आणि वैमानिकांची ज्येष्ठता

विमानवाहतूक कंपन्यांच्या विलीनीकरणाचा अभ्यास करताना भांडवल, विमानांची संख्या आणि तोट्याचे आकडे यांकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे ज्येष्ठतेच्या यादीकडे दिले जात नाही. वास्तविक वैमानिकाच्या व्यवसायाचा सारा व्यवहार या एका यादीवर चालतो. कोणत्या जातीचे विमान चालवावयास मिळावे, सहवैमानिकाचा कप्तान केव्हा व्हावा, कोणत्या शहरी मुक्काम असावा, सणासुदीची रजा कोणास मिळावी आणि मंदीच्या काळात प्रथम कोणी घरी बसावे, हे सर्व त्या यादीतील क्रमांक ठरवितो. शिवाय हा क्रमांक कंपनीबाहेर नेता येत नाही. वीस वर्षे उड्डाण केलेला कप्तान दुसऱ्या कंपनीत गेला की सामान्यतः यादीच्या तळाशी उभा राहतो. वकील आपली अशिले बरोबर नेतो, वैद्य आपली कीर्ती बरोबर नेतो. वैमानिकाजवळ मात्र परवाना आणि उड्डाणाच्या तासांची नोंदवही एवढेच उरते.

या स्थितीत दोन कंपन्या एक होतात तेव्हा वैमानिकांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. दोन याद्यांची एक यादी कशी करावी, हा पहिला. तो उघड असतो, त्यावर भांडणे होतात आणि त्याची वृत्तपत्रांत चर्चाही होते. दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. यादी जशीच्या तशी ठेवून तिच्याखालचे काम व्यवस्थापनाने एखाद्या निराळ्या, स्वस्त वेतनाच्या प्रादेशिक कंपनीकडे वळविले तर काय करावयाचे? क्रमांक कायम राहतो, पण त्या क्रमांकाला मोल देणारी विमाने नाहीशी होतात. भारतीय विमानवाहतुकीच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न उपस्थित झाले. पहिल्याने इतका आवाज केला की दुसरा बराच काळ ऐकूच आला नाही.

या इतिहासाचा आरंभ राष्ट्रीयीकरणापासून करणे सोयीचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धातील डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि देशात विमान कंपन्यांचे पेव फुटले. उतारूंपेक्षा आसने अधिक, अशी त्यांची अवस्था होती. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० मध्ये या कंपन्यांची संख्या आपसांतील विलीनीकरणाने कमी करावी असे सुचविले होते. कंपन्यांनी ते मनावर घेतले नाही. शेवटी १९५३ च्या कायद्याने दोन महामंडळे निर्माण झाली. आंतरराष्ट्रीय सेवा एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेल्या आणि डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स यांसह आठ कंपन्यांच्या देशांतर्गत सेवांचे मिळून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ झाले. निरनिराळ्या मालकांच्या हाताखाली, निरनिराळ्या वेतनांवर काम केलेले वैमानिक एका महामंडळाचे नोकर झाले. सरकारने कंपन्या घेताना त्यांच्या नोकरवर्गाची जबाबदारीही स्वीकारली होती, आणि मक्तेदारीमुळे विस्तार होणार हे निश्चित होते. वाढत्या घरात खोल्यांची वाटणी फारशी कठीण जात नाही. घर आकसू लागल्यावरच भिंतींची मोजमापे काढली जातात.

१९५३ च्या व्यवस्थेने मात्र पुढील अर्धशतकाच्या कलहाचे बीज पेरले. वैमानिकांचे दोन वर्ग पडले. एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, अशा दोन संघटना दोन वेगळ्या वेतनपद्धती आणि दोन वेगळे व्यावसायिक अभिमान घेऊन वाढल्या. एकास लंडन-न्यूयॉर्कच्या दीर्घ उड्डाणांचा अभिमान, तर दुसऱ्यास दिवसातून चार वेळा विमान उतरविण्याच्या कसबाचा.

प्रादेशिक सेवेसाठी वेगळी कंपनी काढण्याचा पहिला मोठा प्रयोग १९८१ मध्ये झाला. त्या वर्षीच्या जानेवारीत एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी संयुक्तपणे वायुदूत ही कंपनी सुरू केली. ईशान्य भारतातील दुर्गम भागाला विमानसेवा पुरविणे हा तिचा मूळ हेतू. पुढे डॉर्निअर २२८ सारखी लहान विमाने घेऊन तिने देशभर विस्तार केला. लहान गावे जोडण्याचे लोककार्य आणि नफ्यातोट्याचा हिशेब यांचा मेळ तिला कधीच घालता आला नाही. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली, आणि तिच्या कर्मचाऱ्यांना दोन मोठ्या महामंडळांत कोणत्या दर्जाने, कोणत्या क्रमांकावर सामावून घ्यावयाचे हा वाद पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. प्रादेशिक कंपनी काढणे सोपे, तिची माणसे मुख्य यादीत आणणे अवघड, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्याच सुमारास घडलेला एक प्रसंग या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा दीर्घ संप सुरू झाला. सेवा चालू ठेवण्यासाठी व्यवस्थापनाने परदेशी विमाने त्यांच्या वैमानिकांसह भाड्याने घेतली. त्यांपैकी उझबेकिस्तानहून आणलेले एक तुपोलेव विमान ९ जानेवारी १९९३ रोजी हैदराबादहून येऊन दिल्लीच्या विमानतळावर उतरताना उलटले व जळाले. धुक्याची सकाळ होती. सुदैवाने विमानातील १६५ जणांपैकी कोणीही दगावले नाही. तिकिटावर नाव एका कंपनीचे आणि सुकाणू दुसऱ्याच्या हाती, या व्यवस्थेचा असा प्रत्यक्ष अनुभव भारतीय उतारूने घेतला. संप मोडण्यासाठी योजलेला हा उपाय तात्पुरता होता. परंतु उड्डाण ही बाहेरून विकत घेता येणारी वस्तू आहे, हे त्याने दाखवून दिले.

१९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला आणि आकाश खाजगी कंपन्यांना कायदेशीरपणे मोकळे झाले. खाजगी कंपन्यांनी अधिक वेतन देऊन इंडियन एअरलाइन्सचे अनुभवी वैमानिक ओढून नेले, आणि विमाने आहेत पण ती चालविण्यास कप्तान नाहीत अशी विलक्षण स्थिती उत्पन्न झाली. १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सने अलायन्स एअर ही आपली पूर्ण मालकीची उपकंपनी उड्डाणास सज्ज केली आणि आपलीच जुनी बोइंग ७३७ विमाने तिच्याकडे सोपविली. वैमानिकांचा गट वेगळा, वेतन आणि कामाच्या अटी वेगळ्या, विमाने मात्र तीच. वायुदूत आणि अलायन्स एअर यांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. वायुदूत जेथे मोठी विमाने जात नव्हती तेथे जाण्यासाठी निघाली होती. अलायन्स एअर मुख्य कंपनीच्याच मार्गांवर, मुख्य कंपनीच्याच विमानांनी, पण निराळ्या यादीतील माणसांकडून उड्डाण करवून घेण्यासाठी निघाली. अमेरिकी वैमानिक ज्याला बाहेरचे उड्डाण म्हणतात ते भारतात या रूपाने घरातच आले. १७ जुलै २००० रोजी पाटण्याजवळ अलायन्स एअरचे विमान कोसळून जमिनीवरील पाच जणांसह साठ माणसे मृत्युमुखी पडली. एका अपघातावरून उपकंपनीच्या तत्त्वाविषयी निष्कर्ष काढणे शास्त्रीय ठरणार नाही. पण जुनी विमाने उपकंपनीच्या वाट्याला का येतात, हा प्रश्न त्यानंतर विचारला जाऊ लागला.

अमेरिकेत हाच प्रश्न अधिक उघडपणे मांडला गेला होता. १९७८ मध्ये तेथील विमानवाहतुकीवरील आर्थिक नियंत्रणे उठल्यावर मोठ्या कंपन्यांनी लहान शहरांची उड्डाणे प्रादेशिक कंपन्यांना कंत्राटाने देण्यास आरंभ केला. वैमानिक संघटनांनी आपल्या करारांत एक कलम घातले, त्याला व्याप्तीचे कलम म्हणता येईल. कंपनीच्या नावाने होणारे सर्व उड्डाण ज्येष्ठता-यादीतील वैमानिकच करतील, अपवाद केवळ ठराविक आसनसंख्येच्या आणि ठराविक संख्येच्या विमानांचा, असा त्याचा आशय. पन्नास आसनी लहान जेट विमाने प्रचारात येताच त्या अपवादाची मर्यादा हा झगड्याचा विषय झाला. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मुख्यतः याच कारणास्तव संप पुकारला. अध्यक्ष क्लिंटन यांनी तो काही मिनिटांतच थांबविला. दोन वर्षांनी त्याच कंपनीने रेनो एअर विकत घेतली. तिचे वैमानिक कमी वेतनावर वेगळे उड्डाण करीत राहतील या भीतीने फेब्रुवारी १९९९ मध्ये शेकडो वैमानिकांनी आजारी असल्याचे कळविले. न्यायालयाची आज्ञा मोडल्याबद्दल त्यांच्या संघटनेला साडेचार कोटी डॉलरांहून अधिक दंड झाला.

विलीनीकरण आणि बाहेरचे उड्डाण यांचा संबंध सर्वांत स्वच्छ दिसतो तो २०१० मध्ये युनायटेड व कॉन्टिनेंटल या कंपन्या एक झाल्या तेव्हा. कॉन्टिनेंटलच्या करारात बाहेरच्या जेट विमानांची मर्यादा पन्नास आसनांची होती, युनायटेडच्या करारात सत्तर आसनी विमानांना वाव होता. विलीनीकरण पूर्ण होताच व्यवस्थापनाने कॉन्टिनेंटलच्या केंद्रांतून सत्तर आसनी प्रादेशिक विमाने सोडण्याचे वेळापत्रक जाहीर केले. एका घरातील सैल नियम दुसऱ्या घरात आणण्याचा हा यत्न होता. प्रकरण लवादाकडे गेले आणि वर्षअखेरीस निर्णय कॉन्टिनेंटलच्या वैमानिकांच्या बाजूने लागला. त्याच्या आदल्या वर्षी, १२ फेब्रुवारी २००९ रोजी, कॉन्टिनेंटलच्या नावाने उडणारे पण कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीने चालविलेले विमान बफेलो शहराजवळ कोसळून पन्नास जण मृत झाले होते. चौकशीत प्रादेशिक वैमानिकांचे तुटपुंजे वेतन, थकवा आणि प्रशिक्षण यांची चर्चा झाली, आणि पुढे सहवैमानिकालाही सामान्यतः पंधराशे तासांच्या अनुभवाची अट लागू झाली. वैमानिकांच्या संघटना स्वार्थासाठी बोलतात हा आरोप खरा धरला, तरी त्या स्वार्थाची आणि उतारूंच्या सुरक्षिततेची वाट काही अंतरापर्यंत एकच होती, असे म्हणावे लागते.

भारताकडे परत वळता २००७ हे वर्ष निर्णायक ठरते. त्या वर्षी तीन विलीनीकरणे घडली किंवा सुरू झाली. जेट एअरवेजने एअर सहारा १४५० कोटी रुपयांना घेऊन तिचे जेटलाइट केले. किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये प्रवेश केला. आणि ऑगस्टमध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांची मिळून नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया झाली. मुख्य कचेरी मुंबईस राहिली. दोन्ही सरकारी कंपन्यांनी विलीनीकरणापूर्वीच मिळून १११ नव्या विमानांची मागणी नोंदविली होती. कर्जाचा डोंगर आणि विलीनीकरण एकाच वेळी आले. विलीनीकरणाची वेळ चुकल्याचे ताशेरे महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालात आढळतात.

कंपनी एक झाली, पण वेतन आणि याद्या दोनच राहिल्या. शिवाय घरात आणखी दोन याद्या होत्या. २००५ मध्ये केरळ व आखाती देश यांमधील स्वस्त सेवेसाठी सुरू केलेली एअर इंडिया एक्स्प्रेस आणि पूर्वीची अलायन्स एअर, या दोन्ही उपकंपन्यांतील वैमानिक बहुतांशी मुदतीच्या करारावर होते. म्हणजे एका मालकाच्या छत्राखाली चार प्रकारचे वैमानिक आणि चार प्रकारच्या अटी. याकडे वैमानिकांच्या संघटनांनी प्रथम लक्ष द्यावयास हवे होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही.

एप्रिल २०११ च्या अखेरीस कमर्शियल पायलट्स असोसिएशनच्या सुमारे आठशे वैमानिकांनी संप केला. एअर इंडियाच्या वैमानिकांइतके वेतन ही मुख्य मागणी होती. वेतनाचा मोठा भाग उड्डाणाच्या प्रत्यक्ष तासांवर अवलंबून असल्यामुळे कंपनीचे उड्डाण कमी झाले की पगार आपोआप घटत असे. याच संपात लाभदायक मार्ग प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या हाती जाऊ दिल्याचा आरोप करून कारभाराच्या चौकशीची मागणीही झाली. काम कोठे जाते आहे, हा दुसरा प्रश्न येथे क्षणभर पृष्ठभागावर आला. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, दिल्ली उच्च न्यायालयाने संप थांबविण्याचा आदेश दिला, आणि दहा दिवसांनी तडजोड होऊन न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीकडे एकीकरणाचा विषय गेला. समितीचा अहवाल २०१२ च्या आरंभी सादर झाला.

समेट व्हावा म्हणून नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर अवघ्या काही महिन्यांत उलट बाजूचा संप झाला, ही या इतिहासातील दुःखद गोष्ट होय. मे २०१२ मध्ये पायलट्स गिल्डच्या वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली. बोइंग ७८७ या नव्या विमानाच्या प्रशिक्षणात पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना समान वाटा मिळणार होता. ही विमाने आमच्या कंपनीने मागविली, त्यांवर आमची बढती अवलंबून आहे, असे गिल्डचे म्हणणे. संप ५८ दिवस चालला. शंभरावर वैमानिकांना बडतर्फ करण्यात आले, गिल्डची मान्यता गेली, आणि जुलैच्या आरंभी दिल्ली उच्च न्यायालयात आश्वासन देऊन वैमानिक कामावर परतले. ज्या विमानासाठी हा कलह झाला त्यातील पहिले विमान त्यानंतर, सप्टेंबरात, दिल्लीस उतरले.

या दोन संपांत गिल्ड आणि असोसिएशन यांनी एकमेकांविरुद्ध जी शक्ती खर्च केली ती पाहता, व्यवस्थापनाला फूट पाडण्याची गरजच भासली नाही असे वाटते. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या परीने न्याय्य होते. ज्येष्ठता ही एक प्रकारची मालमत्ता मानली, तर विलीनीकरणाने ती हिरावली जाऊ नये हा गिल्डचा मुद्दा टिकतो. कंपनी एक असेल तर समान कामाला समान वेतन हा असोसिएशनचा मुद्दाही टिकतो. पण दोघेही यादीच्या वरच्या टोकाकडे पाहत होते. तळाशी, लहान विमानांवर, कराराच्या माणसांकडून होणारे उड्डाण वाढत होते, आणि त्याला अटकाव करणारे व्याप्तीचे कलम भारतीय वैमानिकांजवळ नव्हते.

ते का नव्हते, याचे उत्तर काही अंशी कायद्यात सापडते. अमेरिकी वैमानिकाचे शस्त्र म्हणजे सामुदायिक करार. भारतात मालक सरकार होते, तेव्हा संघटनांची नजर करारापेक्षा मंत्रालयाकडे अधिक असे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात विमानवाहतूक ही सार्वजनिक उपयोगाची सेवा गणली होती आणि संपापूर्वी चौदा दिवस अगोदर नोटीस देण्याचे बंधन होते. आजारपणाची सामूहिक रजा हे हत्यार वारंवार का उपसले गेले, हे यावरून कळते. वैमानिक हा कायद्याच्या अर्थाने कामगार आहे की नाही, हाच वाद न्यायालयांत पुनःपुन्हा निघत असे. खाजगी क्षेत्रात तर संघटना काढणेच धोक्याचे होते. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड स्थापन केली. दोन वैमानिकांना कामावरून काढल्यावर शेकडोंनी रजा टाकली आणि पाच दिवस मुंबईसह देशभरातील उड्डाणे विस्कळीत झाली. त्याच वर्षी जेटने आपलीच विमाने जेट कनेक्ट या स्वस्त सेवेकडे वळविण्यास आरंभ केला होता. ही कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, आणि तिच्या वैमानिकांची ज्येष्ठता-यादी कोणाच्याही उपयोगाची राहिली नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे परत गेली. एअर इंडिया एक्स्प्रेसही तिच्यासोबत गेली. अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली. एक्स्प्रेसमध्ये पूर्वीची एअर एशिया इंडिया ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि एअर इंडियात विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विलीन झाली. चार कंपन्यांच्या दोन झाल्या: एक पूर्ण सेवेची, दुसरी स्वस्त सेवेची. देशातील दुय्यम शहरांचे काही मार्ग मुख्य कंपनीकडून एक्स्प्रेसकडे देण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये नव्या वेतनरचनेने उड्डाणभत्त्याचे हमीचे तास सत्तरावरून चाळीसवर आणले, तेव्हा गिल्ड आणि असोसिएशन यांनी एकत्र येऊन विरोध केला. अकरा वर्षांपूर्वी एका विमानासाठी भांडलेल्या संघटनांना हमीच्या तीस तासांनी एकत्र आणले. पुढील वर्षी हीच रचना विस्ताराच्या वैमानिकांपुढे आली. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या अनुपस्थितीमुळे कंपनीला आपली रोजची उड्डाणे कमी करावी लागली. चाळीस तासांच्या हमीचा अर्थ असा की, काम दुसऱ्या यादीकडे वळले तर त्याचा भार वैमानिकाने सोसावयाचा.

प्रादेशिक उड्डाणाची दुसरी बाजू पश्चिम विदर्भातून पाहिल्यास अधिक नीट दिसते. १९४९ पासून रात्रीच्या टपालसेवेची विमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघून मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. साऱ्या देशाची पत्रे विदर्भाच्या आकाशातून जात. वऱ्हाडातील माणूस मात्र रेल्वेनेच जाई. अकोल्याजवळ शिवणी येथे महायुद्धकाळातील धावपट्टी आहे, पण जमिनीच्या प्रश्नामुळे तिचा विस्तार अडून राहिला. वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावच्या उतारूस विमानासाठी नागपूर किंवा औरंगाबाद गाठावे लागे. अशा प्रदेशासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये उडान योजना आखली. तिच्यात तोट्याची भरपाई सरकार करते आणि निम्म्या आसनांचे भाडे मर्यादित असते. योजनेतील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून निघाले, ते अलायन्स एअरचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गास उतरलेले पहिले नियमित विमानही तिचेच. मोठ्या कंपन्यांच्या वेतनश्रेणीवर ही सेवा चालविणे कठीण आहे, ही गोष्ट वैमानिकांच्या बाजूने बोलणाऱ्यानेही मान्य केली पाहिजे. सत्तर आसनांच्या एटीआर विमानाने लांब पल्ल्याच्या कप्तानाचा पगार निघत नाही. प्रादेशिक कंपनी असू नये, असा आग्रह धरण्यात म्हणूनच अर्थ नाही. वाद तिच्या वैमानिकाला वर जाण्याची वाट असावी की नसावी, याचा आहे.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिले नियमित उतारू विमान आले. तेही अलायन्स एअरचे एटीआर ७२ होते. या कंपनीच्या कप्तानांची नावे एअर इंडियाच्या यादीत पूर्वीही नव्हती. फरक इतकाच की, २०२२ पर्यंत दोन्ही याद्यांचा मालक एक होता आणि त्या जोडाव्यात अशी मागणी त्याच्याकडे तरी करता येत होती.